झोपेत दात खाणं आणि विषाचा उतारा

‘झोपेत दात खातो म्हणजे पोटात जंत झालेत’, हे घरगुती निदान दंतवैद्य म्हणून मी आजही ऐकते. त्यात फारसं तथ्य नाही. अलीकडे मात्र नवा प्रश्न येऊ लागला आहे : ‘डॉक्टर, बोटॉक्स घेऊ का?’ याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही.

बोट्युलिनम हे ज्ञात विषांपैकी सर्वांत जहाल. लॅटिनमध्ये ‘बोट्युलस’ म्हणजे सॉसेज. खराब सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचं तपशीलवार वर्णन जर्मन डॉक्टर आणि कवी युस्टिनुस केर्नर यांनी १८२० आणि १८२२ मध्ये केलं. हेच विष औषध म्हणून वापरता येईल, असा तर्कही त्यांनी मांडला. तो खरा व्हायला दीड शतक लागलं. अमेरिकी नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरलं आणि १९८९ मध्ये त्याला तिथे मान्यता मिळाली.

मज्जातंतू स्नायूला आकुंचनाचा आदेश देतो तो अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनामार्फत. हे विष मज्जातंतूच्या टोकात शिरून रसायन बाहेर सोडणारं एक प्रथिन कापतं. आदेश पोहोचत नाही, स्नायू सैल पडतो. परिणाम काही दिवसांत दिसतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो.

कानाखाली, जबड्याच्या कोनावर बोटं ठेवून दात आवळून पाहा. बोटांखाली टणक होतो तो मॅसेटर स्नायू. इंजेक्शन मुख्यतः त्यात देतात. पण झोपेत दात खाण्याचा आदेश निघतो मेंदूतून. म्हणून इंजेक्शननंतर आवळण्याचा जोर घटतो, दात खाणं थांबतंच असं नाही. जोर घटणंही काहींना मोठा दिलासा असतो : सकाळी जबडा दुखत नाही, दातांवरचा ताण हलका होतो.

चेहऱ्याचं प्रत्येक दुखणं मात्र स्नायूचं नसतं. किडलेल्या दाताला हे इंजेक्शन उपयोगाचं नाही. वीज चमकावी तशी कळ येत असेल, तर ते ट्रायजेमिनल मज्जातंतूचं दुखणं असू शकतं. त्यावर पहिलं औषध कार्बामाझेपिन. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही दात आवळले जातात. अशा वेळी गोळ्या परस्पर बंद न करता त्या देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावं.

धोकेही आहेत. चावताना जबडा थकतो, हसू वाकडं होऊ शकतं, वारंवार घेतल्यास स्नायू बारीक होतो. जबड्याच्या हाडावरील परिणामाबद्दलही संशोधकांना काळजी आहे. गरोदरपणात आणि मायस्थेनिया ग्रॅव्हिस असणाऱ्यांनी ते टाळावं.

म्हणून मी आधी दुखण्याचं मूळ तपासते, मग रात्री दातांवर बसवायची पट्टी, जबड्याचे व्यायाम आणि झोपेची चौकशी. एवढं करूनही स्नायूचं दुखणं हटलं नाही, तरच सुईचा विचार. तोही, तीन-चार महिन्यांनी हाच प्रश्न पुन्हा समोर येईल हे रुग्णाला आधी सांगून.