तान्ह्या पोळ्याचा नंदी हीच आपली ‘कस्टम फिगर’

अ‍ॅक्शन फिगर कापून, नवे भाग जोडून पुन्हा रंगवण्याचा छंद परदेशी मानला जातो. चंद्रपूर-गडचिरोलीला तो मुळीच परका नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लेकरं लाकडी नंदी मिरवतात. घरात जपलेल्या त्याच नंदीला पुन्हा नवा रंग, झूल, घुंगरं, कधी नवी चाकंही मिळतात. घाट एकच, तरी प्रत्येक घरचा नंदी वेगळा. कस्टम फिगर म्हणजे दुसरं काय असतं?

कोणी म्हणेल, ही सजावट झाली, घडण कुठे आहे? तुटलेलं शिंग घ्या. आत तारेचा तुकडा रोवायचा, एम-सीलचे दोन्ही भाग सारखे मळून त्यावर शिंग घडवायचं (हातमोजे घालून, आणि हे काम मोठ्यांनीच करावं), रात्रभर वाळू द्यायचं. मग पॉलिश पेपरने घासून प्रायमर आणि अ‍ॅक्रिलिक रंगाचे पातळ हात. प्लास्टिकच्या योद्ध्याचा हातही असाच घडतो. फक्त सांध्यात रंग जाड नको, हलवताच खरवडतो. मूळ खेळण्याची किंमत जाते, हा आक्षेप सीलबंद, संग्रही ठेवण्याच्या वस्तूंपुरता खरा आहे. म्हणून मोडकी खेळणीच निवडा. माळ्यावरचा शिंग तुटलेला नंदी येत्या पोळ्याआधी खाली काढा.