बाळ ओढत नाही, म्हणून ते आळशी नव्हे!

बाळ अंगावर नीट पीत नाही असे दिसले, की आपल्या घरांतून दोनपैकी एक निकाल ताबडतोब लागतो. एक तर ‘आईला दूधच नाही’, नाहीतर ‘बाळ आळशी आहे’. पहिल्या निकालाने बाळंतीण खचून जाते आणि घरात दुधाची बाटली येते. दुसऱ्या निकालाने सगळे ‘मोठे झाले की पिईल’ म्हणून स्वस्थ बसतात. गेली अनेक वर्षे मी व्यवसायोपचार तज्ज्ञ म्हणून तान्ह्या मुलांबरोबर काम करते आहे. माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ बाळांच्या बाबतीत हे दोन्ही निकाल चुकीचे असतात. आईला दूध असते, बाळाला भूकही असते. अडचण असते ती पिण्याच्या कौशल्याची. आणि कौशल्य म्हटले की त्याला मदत करता येते. मात्र ती वेळेवर मिळायला हवी.

बाळाला कसला व्यवसाय?

व्यवसायोपचार हा शब्द ऐकून अनेकांचा गोंधळ होतो. ‘बाळाला कसला आलाय व्यवसाय?’ असे एका आजोबांनी मला विचारलेही होते. प्रश्न रास्त आहे. येथे व्यवसाय म्हणजे नोकरीधंदा नव्हे, तर माणसाचा दिवस ज्या कामांनी भरलेला असतो ती सगळी कामे. जेवणे, अंघोळ करणे, कपडे घालणे, लिहिणे, खेळणे ही ती कामे. आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे ती अडली, तर ती पुन्हा जमावीत यासाठी हे शास्त्र आहे. भारतात त्याचे पहिले विद्यालय १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले, ते मूळच्या अमेरिकन असलेल्या श्रीमती कमला निंबकर यांच्या प्रयत्नांतून. पुढे नागपुरातही हे शिक्षण सुरू झाले.

तान्ह्या बाळाची कामे तीनच. पिणे, झोपणे आणि जागे असताना आजूबाजूच्या जगाची ओळख करून घेणे. यांतले पिणे बिघडले की उरलेली दोन्ही बिघडतात. म्हणूनच पाजण्याचा प्रश्न हा बाळाच्या सगळ्या वाढीचा प्रश्न असतो.

पिणे सोपे नसते

आपल्याला वाटते, बाळाला छातीशी धरले की ते आपोआप पिते. वास्तविक त्या वेळी बाळ तीन कामे एका लयीत करत असते. ओढायचे, गिळायचे आणि श्वास घ्यायचा. दूध वाहू लागले की बाळ साधारण सेकंदाला एकदा ओढते. घशात अन्नाची आणि श्वासाची वाट शेजारी शेजारी असते, त्यामुळे गिळताना श्वास क्षणभर थांबावा लागतो आणि लगेच पुन्हा सुरू व्हावा लागतो. ही लय चुकली की ठसका लागतो.

ही लय पोटातच तयार होत जाते आणि साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास जुळू लागते. म्हणून त्याआधी जन्मलेल्या बाळांना बहुधा काही दिवस नळीने दूध द्यावे लागते. पण फसगत होते ती ३४ ते ३६ आठवड्यांच्या बाळांच्या बाबतीत. ती दिसायला पूर्ण दिवसांच्या बाळांसारखीच असतात, लवकर घरी येतात, पण त्यांची ताकद कमी पडते. पाच मिनिटे ओढून ती झोपी जातात. घरच्यांना वाटते पोट भरले. खरे तर बाळ दमलेले असते.

दिवस पूर्ण भरलेल्या बाळालाही अडचण येऊ शकते. कावीळ असेल तर बाळ सुस्त राहते. टाळूला फट असेल तर दूध नाकातून येते. जीभ खाली बांधलेली असेल तर पकड सुटते. हृदयाचा दोष असेल तर पिताना धाप लागते, कपाळाला घाम येतो. डाऊन सिंड्रोमच्या बाळांचे स्नायू शिथिल असतात. म्हणून आधी बालरोगतज्ज्ञांची तपासणी, मग आमचे काम, हा क्रम कधीही सोडू नये.

एक उदाहरण

पस्तिसाव्या आठवड्यात जन्मलेली एक मुलगी तीन आठवड्यांची असताना माझ्याकडे आली. वजन जन्माच्या वेळेइतकेही भरत नव्हते. ‘सुनेला दूध नाही हो, आता बाटली सुरू करू का?’ एवढेच आजींना विचारायचे होते. डॉक्टरांनी मुलीला तपासले होते, दुसरा काही आजार नव्हता. मी आईला म्हटले, ‘तुम्ही घरी पाजता तसेच पाजा, मी फक्त बघते.’

बाळ दुपट्यात करकचून बांधलेले होते. मान वळलेली, हनुवटी छातीला टेकलेली, तोंडात फक्त स्तनाचे बोंड. चार-पाच वेळा ओढले आणि डोळे मिटले. आईने हाताने पिळून पाहिले तर दुधाची धार आली. दूध होते, बाळापर्यंत पोहोचत नव्हते.

आम्ही चार गोष्टी बदलल्या. पाजण्याआधी बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरायचे. दुपटे सैल करून बाळाचे अंग आईच्या बगलेखालून घ्यायचे आणि मान-खांद्याला हाताचा आधार द्यायचा. बाळ ओढायचे थांबले की स्तन हलकेच दाबायचा, म्हणजे दूध येऊन ते पुन्हा ओढू लागते. आणि वीस मिनिटांनंतर बाळाला आणखी न दमवता पिळलेले दूध वाटीने पाजायचे. हे वाटीचे काम आजींकडे दिले. त्यांनी ते इतक्या निगुतीने केले की पुढे त्याच शेजारणींना दाखवू लागल्या. दूध पिळत राहिल्यामुळे आईचे दूधही टिकले. वजन चढू लागले आणि डॉक्टरांनी दिलेली मूळ तारीख उजाडेपर्यंत मुलगी पूर्णपणे अंगावर पिऊ लागली. बाटली आणावीच लागली नाही.

पाजताना काय पाहावे?

१) बाळाचे डोके, खांदे आणि कंबर एका रेषेत असावीत, पोट आईच्या पोटाला लागलेले असावे. मान वळवून आपल्यालाही पाणी पिता येत नाही, बाळाला कसे येईल?

२) तोंड जांभई दिल्यासारखे मोठे उघडल्यावरच बाळाला जवळ घ्यावे. नुसते बोंड नव्हे, तर भोवतीच्या काळसर भागाचाही बराचसा हिस्सा तोंडात जावा. हनुवटी स्तनाला टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला असावा. सतत दुखत असेल, तर पकड चुकते आहे असे समजावे.

३) बाळ रडेपर्यंत थांबू नये. हात तोंडात घालणे, मान इकडेतिकडे वळवून शोधणे, ओठ चाटणे ही भुकेची पहिली खूण. रडणे ही शेवटची. रडणाऱ्या बाळाची लय आधीच बिघडलेली असते.

४) दूध पुरते आहे की नाही हे अंदाजाने ठरवू नये. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होणे आणि वजन वाढत राहणे हा खरा पुरावा. जन्मानंतर थोडे घटलेले वजन साधारण दोन आठवड्यांत भरून यावे.

कमी वजनाच्या बाळासाठी छातीशी धरण्याची ‘कांगारू’ पद्धत हे मोठेच औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा बाळांना जन्मानंतर लगेच आणि दिवसाचे ८ ते २४ तास असे धरण्याची शिफारस केली. आई थकली तर वडिलांनी किंवा आजीने धरावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

घशात ओतू नका

आपल्याकडे पाय लांब करून बाळाला त्यावर आडवे घ्यायचे, ते रडत असतानाच चमच्याने किंवा बोंडल्याने दूध किंवा गुटी घशात ओतायची आणि प्रसंगी नाक दाबायचे, अशी रीत अनेक घरांत आहे. हेतू चांगला असतो, पण रडताना श्वासाची वाट उघडी असते आणि दूध फुप्फुसात जाऊ शकते. वाटीने पाजायचे तर बाळाला मांडीवर जवळजवळ बसते धरावे, वाटीची कड खालच्या ओठाला लावावी आणि दूध ओठापर्यंत आणून थांबावे. बाळ स्वतः चाटून, सुरकून घेते. नाकात तेल घालणेही याच कारणाने टाळावे. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाणी, गुटी, मध काहीच नको. फक्त डॉक्टरांनी दिलेली औषधे किंवा थेंब द्यावेत. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. आणि ज्या बाटलीची आपण इतकी सहज निवड करतो, तिची जाहिरात करायलाही आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, हे ध्यानात ठेवावे.

दुधापासून घासापर्यंत

खाण्याची तयारी पहिल्या घासाच्या कितीतरी आधी सुरू होते. बाळ जागे असताना त्याला आपल्या डोळ्यांसमोर पालथे ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार, रांगू न लागलेल्या बाळाला दिवसभरात मिळून निदान अर्धा तास असे ठेवावे. त्याने मान, खांदे आणि पाठ बळकट होते. मान स्थिर तर जबडा स्थिर, आणि जबडा स्थिर तर घास नीट, असा हा हिशेब आहे. झोपवताना मात्र नेहमी उताणेच झोपवावे. हात तोंडात घालणे ही वाईट खोड नव्हे. बाळ त्यातून आपले तोंड ओळखायला शिकते. हात स्वच्छ ठेवावेत, पण बांधू नयेत.

सहा महिने पूर्ण झाले की अंगावरच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करावे. वरणाचे नुसते पाणी किंवा पातळ पेज नको, त्यात पोषण कमी असते. चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतपत घट्ट नाचणीचे सत्त्व किंवा कुस्करलेला वरणभात द्यावा. सुरुवातीला बाळ जिभेने घास बाहेर ढकलते. ते ‘नको’ म्हणत नसते, शिकत असते. सगळे मिक्सरमधून काढून वर्षभर देत राहू नये. आठ-नऊ महिन्यांपासून मऊ गुठळ्या, पिकलेल्या केळ्याचा तुकडा, दुधात भिजवलेली पोळी असे हाताने खाता येईल ते द्यावे. चावण्याची ही संधी हुकली, तर पुढे मूल गुठळी पाहताच उलटी काढते. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे मात्र देऊ नयेत, ती घशात अडकतात.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची प्रगती मोजताना जितके आठवडे आधी जन्म झाला तितके वयातून वजा करावेत. दोन महिने आधी जन्मलेले पाच महिन्यांचे बाळ प्रगतीच्या दृष्टीने तीन महिन्यांचे धरावे. वरचे अन्न केव्हा सुरू करायचे, हे अशा बाळाच्या बाबतीत डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

सर्वांत जास्त जपावे लागते ते अंग ताठ होणाऱ्या, म्हणजे सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना. भरवताना मान मागे गेली की त्यांना सुरक्षित गिळता येत नाही. वारंवार न्यूमोनिया होतो आणि घरच्यांना वाटते, मुलाला थंडी सोसत नाही. अशा मुलाला कंबर आणि गुडघे वाकवून, पाय टेकवून, मान किंचित पुढे ठेवून भरवल्यास पुष्कळ फरक पडतो. बसण्याची नेमकी बैठक आणि अन्नाचा घट्टपणा मात्र तज्ज्ञांकडून शिकून घ्यावा.

थांबू नये अशी लक्षणे

पिताना ओठ निळे पडणे, धाप लागणे, बाळ उठवूनही न उठणे, यांपैकी काही दिसले तर तडक रुग्णालय गाठावे. दर वेळी ठसका लागणे, दूध नाकातून येणे, पाजल्यावर छातीत घरघर होणे, पाजायला दर खेपेला अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक वेळ लागणे, वजन न वाढणे किंवा चौथा महिना संपला तरी मान न धरणे, यांसाठी त्याच आठवड्यात दाखवावे.

दाखवायचे कुठे? दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई पहिल्या सहा आठवड्यांत सहा वेळा घरी येतात. त्यांना एकदा पाजताना पाहायला सांगा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभारण्यात आली आहेत. तेथे तपासणी व उपचार मोफत असतात. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करावी. जेथे व्यवसायोपचार तज्ज्ञ नसतील, तेथे केंद्रातले लोक योग्य ठिकाणी पाठवतात. जाताना बाळाचे वजनाचे कार्ड, आणि पाजायला वाटी-चमचा किंवा बोंडले वापरत असाल तर तेही बरोबर न्यावे.

घरातल्या वडीलधाऱ्यांना शेवटी एकच विनंती. ‘दूध नाही’ असे सुनेला किंवा लेकीला म्हणण्याआधी तिच्याजवळ बसून पाजण्याची एक खेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत शांतपणे पाहा. बाळ कुठे थांबते, कधी दमते, हे तुमच्या अनुभवी डोळ्यांना दिसेल. तेवढे आम्हाला येऊन सांगितलेत, तरी आमचे निम्मे काम झालेले असते.