आधी वजनाचं ऑपरेशन की हर्नियाचं? साध्या भाषेत समजून घ्या

आज मोबाईलची ट्रिक नाही, पण सुरुवात मोबाईलवरच झाली. मुलुंडच्या माझ्या काकांना बेंबीजवळ फुगवटा आलाय. सर्जन म्हणाले, हर्निया आहे, पण आधी वजनाचं बघू. काका भडकले, "फुगवटा इथे, आणि हे जठर कापायला निघाले!" मी फोनमध्ये त्यांचं १०४ किलो वजन आणि १६५ सेंटीमीटर उंची टाकली. बीएमआय आला ३८.२. आपल्याकडे २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात.

हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीला पडलेलं भोक. त्यातून आतली चरबी किंवा आतडं बाहेर डोकावतं. वजन जास्त असेल तर पोटात आतून सतत दाब असतो. ठासून भरलेल्या बॅगेची तुटलेली चेन नुसती शिवली तर किती टिकेल? तसंच इथे. जाळी बसवली तरी हर्निया परत येण्याची, जखम चिघळण्याची भीती जास्त.

मग दोन्ही एकदम का नाही? भोक छोटं असेल तर बरेच सर्जन करतातही. पण स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा साधारण ८० टक्के भाग कापून काढतात. जठर कापलं की जंतू पसरू शकतात, आणि जाळीला इन्फेक्शन झालं तर कधीकधी ती काढावी लागते. म्हणून मोठ्या हर्नियाची दुरुस्ती अनेकदा वजन उतरल्यावर करतात.

आता खरी मेख. भोकात अडकलेली चरबी बुचासारखं काम करते. वजनाच्या ऑपरेशनच्या वेळी ती ओढून काढली आणि भोक तसंच सोडलं, तर तिथे आतडं शिरून अडकू शकतं. म्हणून भोक तेव्हाच बंद करायचं, नाहीतर बुचाला हातच लावायचा नाही. "माझ्या बाबतीत काय करणार?" हे सर्जनना आधीच विचारा. काकांनी (माझ्या आग्रहाने) विचारलं. सीटी स्कॅन बघून ठरवू म्हणाले. फोटो पाठवून हे कळत नाही.

काकांचा फुगवटा आडवं झाल्यावर आत जातो, म्हणून थांबता येतंय. तो कडक झाला, दुखायला लागला, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर ॲपवर अपॉइंटमेंट शोधत बसायचं नाही. थेट इमर्जन्सीत जायचं. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा काही तासांत बंद पडू शकतो.