तीनशे चार बळी, बाराच कसोट्या

एका हंगामात तीनशे बळी! छापताना काही चूक झाली असावी, असेच प्रथम कुणालाही वाटेल. पण १९२८ साली इंग्लंडच्या केंट कौंटीचा लेगस्पिनर आल्फ्रेड फ्रीमन याने प्रथम दर्जाच्या सामन्यांत ३०४ बळी घेतले, आणि तेही वयाच्या चाळिशीत! पुढील पाच हंगामांतही तो अडीचशेच्या खाली आला नाही. एका मोसमात तीनशे बळी दुसऱ्या कुणालाच मिळालेले नाहीत. आता कौंटी हंगामात तेवढे सामनेही होत नाहीत.

उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, म्हणून सारे त्याला 'टिच' म्हणत. मला तर ही ठेंगणी उंचीच त्याचे भांडवल वाटते. उंच गोलंदाजाचा चेंडू वरून खाली उतरतो. फ्रीमनचा चेंडू आधी नजरेच्या वर चढे आणि मग फलंदाजाच्या अंदाजाआधीच टप्पा घेई. लेगब्रेक बाहेर वळे, गुगली आत येई, टॉपस्पिन सरळ घुसे. तिन्हींसाठी हाताची हालचाल जवळजवळ सारखीच! चेंडू न ओळखताच पुढे सरसावलेल्या फलंदाजाच्या मागे यष्टिरक्षक लेस एम्स वाटच पाहत असे. १९३२ च्या हंगामात एम्सने ६४ फलंदाज यष्टिचीत केले. त्यांतले पुष्कळ फ्रीमनच्या गोलंदाजीवरचे.

मग कसोट्या अवघ्या बारा का? १९२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात दोन कसोट्यांत त्याला आठच बळी मिळाले, तेही फार महाग. तिकडच्या कठीण खेळपट्ट्यांवर चेंडू कमी वळतो, आणि ऑस्ट्रेलियन फलंदाज क्रीजमध्ये खिळून न राहता पुढे येऊन टप्प्यावरच चेंडू गाठत. चपळ पायांपुढे त्याचे काही चालत नाही, हा शिक्का तेव्हा बसला तो कायमचाच. १९२९ साली मँचेस्टरला दक्षिण आफ्रिकेचे बारा गडी बाद करूनही तो पुसला गेला नाही. मायदेशी ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याला एकही कसोटी मिळाली नाही. १९३० च्या मालिकेत ब्रॅडमनने ९७४ धावा कुटल्या. तेव्हा निवड समितीने रॉबिन्स, पीबल्स हे लेगस्पिनर खेळवले, पण त्या हंगामात २७५ बळी घेणारा फ्रीमन मात्र कौंटीतच राहिला. माझ्या मते हा सरळ अन्याय होता.

१९३६ नंतर केंटने त्याला मोकळे केले. एकूण बळी ३७७६. त्याच्या पुढे फक्त विल्फ्रेड ऱ्होड्स. निवृत्तीनंतरच्या घराला त्याने नाव दिले 'डनबोलिन', म्हणजे गोलंदाजी आटोपली!