नियम अमलात आणण्यापूर्वी

संस्था लहान असते तोवर तिचे नियम चिटणिसांच्या तोंडी असतात. अर्ज आला की चार मंडळी बसतात, घरची परिस्थिती पाहतात आणि ठरवितात. अर्ज शेकड्यांनी येऊ लागले की नियम लिहावे लागतात. आता तर ते संगणकात घालावे लागतात. तोंडी नियमामागे माणसाची समज उभी असते. संगणकातला नियम जेवढे लिहिले तेवढेच करतो. म्हणून तो आधी पारखून घेणे अगत्याचे.

समजा, कार्यकारी मंडळाने शिष्यवृत्तीसाठी ठरविले : ‘कौटुंबिक उत्पन्न तीन लाखांच्या आत आणि गुण साठ टक्क्यांहून अधिक.’ वाचताना खोट दिसत नाही. पण बरोबर ३,००,००० उत्पन्न असलेला त्यात बसतो काय? आपल्या बडोद्यातील मुलांच्या गुजरात मंडळाच्या गुणपत्रिकेवर एकूण गुणांबरोबर पर्सेंटाइल रँकही छापलेली असते. ती टक्क्यांच्या रकान्यात भरली गेली तर? आणि वडील वारल्यामुळे उत्पन्नाचा रकाना कोराच राहिला, तर ते उत्पन्न शून्य समजावे की अर्ज अपुरा? संगणक यांपैकी काहीतरी मुकाट्याने धरून चालतो, आणि जिच्यासाठी निधी काढला त्या मुलीचाच अर्ज बाद होतो. तिला कारण कळत नाही, आपल्यालाही नाही.

पारख सीमेवर करावी. २०१७ च्या वित्त कायद्याने कलम ८०-जी खाली सवलतीस पात्र अशा रोख देणगीची मर्यादा १०,००० वरून २,००० रुपयांवर आणली. त्याहून ‘अधिक’ रोख रकमेस सवलत नाही, असे शब्द होते. तेव्हा पावतीचा नियम १,९९९, २,००० आणि २,००१ या तिन्ही रकमांवर चालवून पाहावयास हवा होता. मधल्या रकमेवरच चूक होते.

उंबरठाही जपावा. २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत कर शून्य. पण नुसत्या दरांनी १२,१०,००० वर ६१,५०० रुपये कर येतो (उपकर वेगळा). दहा हजार अधिक मिळविल्याबद्दल हा दंडच झाला असता, म्हणून कायद्याने तेथे कर १०,००० वर थोपविला. एका रुपयाने मर्यादा ओलांडणाऱ्यास काहीच न देणाऱ्या आपल्या नियमातही असा उंबरठा आहे.

सर्वांत उपयोगी पडतात ते जुने अर्ज. गेल्या तीन वर्षांचे निकाली अर्ज काढावेत. ज्याने नियम लिहिला नाही अशा सभासदाने प्रत्येकाचे उत्तर आधी कागदावर मांडावे, मगच नियम चालवावा. जेथे तफावत पडेल तो अर्ज वाचावा. कधी नियम चुकलेला असतो, कधी आपला जुना निर्णय. हे दुसरे कबूल करणे मंडळास जड जाते, असा अनुभव आहे. मंजूर रकमांची बेरीज निधीच्या व्याजात बसते ना, हेही तेव्हाच पाहावे. नंतर नियमात एक शब्द जरी बदलला, तरी सारे अर्ज पुन्हा त्यातून काढावेत.