चढाची तयारी, उताराचा विसर

पावसाळा सुरू झाला की सोमवारच्या ओपीडीत एक ठरावीक प्रकारचा रुग्ण दिसू लागतो. वय चाळिशीच्या आसपास, नोकरी मुंबईत, रोजचे तीन-चार तास लोकलमध्ये. आत येताना चालणे ठीक असते. पण जिना उतरायची वेळ आली की कठडा दोन्ही हातांनी धरून, एकेक पाय आडवा टाकत उतरतो. विचारण्याआधीच सांगतो, ‘काल डोंगरावर गेलो होतो, डॉक्टर.’

यातले बहुतेक जण दोन-चार दिवसांत आपोआप बरे होतात. पण काही वर्षांपूर्वी आलेले एक गृहस्थ माझ्या लक्षात राहिले. वय ४४, बदलापूरचे रहिवासी. मित्रांबरोबर दिवसभराच्या चालीला गेले होते. चढ झकास पार पडला. उतरताना मांड्या थरथरू लागल्या, गुडघे दुखू लागले. जवळचे पाणी संपले होते. कोणीतरी दिलेल्या वेदनाशामक गोळ्या त्यांनी घेतल्या, रात्री घरी आल्यावर आणखी एक घेतली. मंगळवारी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. कावीळ झाली या समजुतीने ते आले. तपासण्यांत यकृत ठीक निघाले. मूत्रपिंडावर मात्र ताण आला होता. दाखल करून सलाइन द्यावे लागले. सुदैवाने मूत्रपिंडे सावरली. घरी जाताना त्यांनी विचारले, ‘चढताना तर काहीच झाले नाही, मग उतरताना असे काय झाले?’

प्रश्न अगदी योग्य होता. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या आपल्यासारख्यांना डोंगर खिडकीतून दिसतो. कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये उजव्या बाजूला बसले की मलंगगड, तावली, चंदेरी आणि पुढे माथेरान अशी रांग सोबत करते. रविवारी सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल, इतके हे डोंगर जवळ आहेत. आपण तयारी करतो ती चढण्याची. दम टिकेल का, माथा गाठता येईल का, एवढाच विचार होतो. आणि शरीर बहुतेक वेळा दगा देते ते उतारावर.

उतारावर स्नायू काय करतात?

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि शरीर वर उचलतो. यात हृदय आणि फुफ्फुसांवर भार येतो, म्हणून दम लागतो. दम लागला की आपण थांबतो. म्हणजे चढावर शरीर स्वतःच लगाम घालते.

उतरताना तोच स्नायू ब्रेकचे काम करतो. पाऊल खाली पडते, गुडघा वाकतो, स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी जोर लावून शरीराला कोसळण्यापासून रोखत असतो. असे हजारो वेळा होते. ताणलेल्या अवस्थेत जोर लावल्याने स्नायूंच्या धाग्यांना सूक्ष्म इजा होते. गंमत म्हणजे या कामाला प्राणवायू कमी लागतो, त्यामुळे दम लागत नाही आणि थांबावेसेही वाटत नाही. दुखणे सुरू होते ते दुसऱ्या दिवशी आणि २४ ते ७२ तासांत सर्वाधिक जाणवते.

इजा फार झाली तर स्नायूंतले मायोग्लोबिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते. ते मूत्रपिंडातून बाहेर पडताना लघवी तपकिरी होते. शरीरात पाणी कमी असेल आणि त्यात वेदनाशामक गोळी पडली, तर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटतो. आमच्या त्या रुग्णाच्या बाबतीत हे तिन्ही एकाच दिवशी जुळून आले होते. म्हणून डोंगरावर, घामाघूम अवस्थेत आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेऊ नये.

तरीही उतार औषधी आहे

हे वाचून डोंगराकडे पाठ फिरवू नका. ऑस्ट्रियातील डॉ. हाइन्झ ड्रेक्सेल यांच्या गटाने आल्प्समध्ये एक छोटा पण नामी प्रयोग केला. बैठ्या जीवनशैलीच्या निरोगी माणसांना दोन महिने डोंगर फक्त चढायला लावला. उतरायला केबल कार. पुढचे दोन महिने उलट: वर केबल कारने जायचे आणि उतरायचे चालत. चढण्याने रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी कमी झाली. साखर पचवण्याची क्षमता मात्र उतरण्याने अधिक सुधारली. वाईट समजले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल दोन्हींनी घटले.

म्हणजे उतार हा शत्रू नाही. तो मोठ्या ताकदीचा व्यायाम आहे आणि आपण तो सरावाशिवाय, एकाच दिवशी, भरमसाट घेतो, हा खरा घोटाळा. दिलासा असा की स्नायू हा धडा लवकर शिकतात. एकदा बेताचा उतार उतरून झाला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने स्नायूंना बरीच कमी इजा होते. थोडक्यात, डोंगराच्या आधी छोटे उतार घडले पाहिजेत.

वेळेचा हिशेब

इंग्लंडमध्ये सुट्टीच्या दिवशी डबा आणि नकाशा घेऊन टेकड्या चालण्याची जुनी सवय आहे. तिथले सर्वांत उंच शिखर स्काफेल पाइक ९७८ मीटरचे; आपले कळसूबाई १,६४६ मीटरचे. उंचीत आपण मागे नाही. शिकण्यासारखी आहे ती त्यांची हिशेबी वृत्ती. १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा ठोकताळा मांडला, तो ब्रिटनमध्ये आजही वापरतात: सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे एकूण १० किलोमीटर चाल आणि ६०० मीटर चढ असेल तर तीन तास.

या हिशेबात उताराला वेगळा वेळ धरलेलाच नव्हता! पुढे एरिक लँगम्यूर यांनी ती दुरुस्ती केली. तीव्र उतार असेल तर दर ३०० मीटरला १० मिनिटे वाढवा, असे त्यांनी सांगितले. शिवाय हा हिशेब थंड हवेतल्या, सराव असलेल्या माणसांचा. आपल्याकडची दमट हवा, निसरडी वाट, फोटो आणि जेवण धरून मी तो सरळ दुप्पट करतो. तीनचे सहा तास. सकाळी ७ वाजता पायथा सोडला तर दुपारी १ वाजता पायथ्याशी परत, असा बेत आखला की संध्याकाळचा उजेड हाताशी शिल्लक राहतो.

याहून महत्त्वाची आहे ‘परतीची वेळ’. ती घरून निघतानाच ठरवावी आणि सगळ्यांना सांगावी. ती झाली की जिथे असू तिथून मागे फिरायचे. माथा दहा मिनिटांवर असला तरी. मी स्वतः चंदेरीच्या घळीतून एकदा असाच परतलो आहे. तेव्हा चुटपुट लागली, पण घसाऱ्याची ती वाट अंधारात उतरण्याचा प्रसंग टळला. थकलेले पाय, घाई आणि कमी उजेड या तिघांची गाठ पडली की घोटा मुरगळतो, मनगट मोडते, कधी त्याहून वाईट घडते.

घाम वाळला पाहिजे

इंग्लंडच्या टेकडीवर आणि आपल्या डोंगरावर सर्वांत मोठा फरक हवेचा आहे. घाम नुसता येऊन उपयोग नसतो. तो वाळला तरच शरीर थंड होते. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता गळतो. कष्टाच्या चढावर तासाला लिटरभर पाणी सहज जाऊ शकते. आभाळ आले आहे, पाऊस आहे, म्हणून तहान जाणवत नाही, इतकेच. ऑक्टोबरच्या उन्हात तर प्रश्नच नको.

दिवसभराच्या चालीला माणशी किमान ३ लिटर पाणी घ्यावे आणि त्यातले निम्मे उतारासाठी राखावे. नुसते पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम घटते. म्हणून सोबत ओआरएसची पाकिटे, लिंबू-मीठ-साखर, खारे दाणे ठेवावेत. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळावे.

सोबती असंबद्ध बोलू लागला, धडपडू लागला, अंग तापले, तर ‘दमला असेल’ म्हणून पुढे ढकलू नका. हा उष्माघात असू शकतो. सावलीत आडवे करा, कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आधी कोणी विचारून जावे?

चढताना छातीत दडपण येते आणि थांबले की जाते, ही तक्रार गॅसची समजू नका. ती हृदयाची असू शकते. डोंगर बाजूला ठेवून आधी तपासणी करा. मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साखर वाटेत, अगदी त्या रात्री झोपेतही घसरू शकते. त्या दिवसाची मात्रा आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा आणि खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनीही आधी विचारावे. ज्यांचे गुडघे झिजले आहेत त्यांनी काठी घ्यावी. दोन काठ्यांनी उतारावर गुडघ्यावरचा भार कमी होतो, हे मोजून पाहिले गेले आहे. पावले छोटी, गुडघा किंचित वाकलेला आणि धावत उतरणे अजिबात नाही.

पायऱ्यांपासून सुरुवात

सराव घराजवळ होतो. पहिले दोन आठवडे रोज अर्धा तास भरभर चाला. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत वेग असावा. अंबरनाथच्या इ. स. १०६० च्या शिवमंदिरापर्यंत सकाळी जाऊन येणे ही उत्तम सुरुवात. सोबत इमारतीचा जिना: वर लिफ्टने जा, खाली पायी उतरा. आधी तीन मजले, मग सहा, मग त्याच्या दोन फेऱ्या. स्टेशनचा पूलही चालेल, फक्त गर्दीची वेळ टाळा.

पुढची पायरी म्हणजे मलंगगडाच्या पायऱ्या. पीरमाचीपर्यंत वाट बांधलेली आहे, माणसांची ये-जा असते, वाटेत बसायला जागा मिळते. वर न पोचताही कुठूनही परतता येते. त्यावरचे कडे मात्र दोर आणि जाणकार सोबत असल्याशिवाय चढायचे नाहीत. हे दोन-तीनदा झाले, दुसऱ्या दिवशी जिना सरळ उतरता आला, की मग तावली किंवा चंदेरीचा विचार करावा. तोही पाऊस सरल्यावर आणि वाट माहीत असलेल्यांबरोबर.

कोंडेश्वरसारख्या ठिकाणी चालत जाणे सुखाचे आहे, पण डोहात उतरणे नाही. वरच्या बाजूला पाऊस झाला की पाणी किती झपाट्याने वाढते, हे २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली तेव्हा सगळ्यांनी पाहिले. प्रशासनाचा बंदी आदेश असेल तर तो पाळावा. दगडाच्या कपारीत न पाहता हात घालू नये. फुरसे तिथेच दडते. सर्पदंश झाला तर आवळपट्टी बांधणे, चिरा देणे असले काही न करता तो अवयव न हलवता सरकारी रुग्णालय गाठावे. प्रतिविष हाच त्यावर इलाज आहे.

परतल्यावर

दुखत असेल तर झोपून राहू नका. हलके चाला, भरपूर पाणी घ्या. लघवीचा रंग पाहा. ती तपकिरी झाली, फारच कमी झाली किंवा मांडी सुजून टणक झाली तर त्याच दिवशी रुग्णालयात या. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगा की मी डोंगरात, चिखलात गेलो होतो. लेप्टोस्पायरोसिस चिखल-पाण्यातून होतो. गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. चाव्याच्या जागी कधी काळी खपली दिसते. दोन्हींवर वेळेत दिलेले औषध गुणकारी ठरते, पण तो संशय यायला तुमचे ते एक वाक्य लागते.

ते गृहस्थ पुढच्या हिवाळ्यात तपासणीला आले. रोज सहा मजले उतरतो, म्हणाले. मलंगगडाच्या पायऱ्या दोनदा करून झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कामावर गेलात का, असे मी विचारले. ‘गेलो ना,’ ते म्हणाले, ‘आणि पूलही उतरलो, कठडा न धरता.’