बोली आणि चौकट

लिलावाच्या छापील यादीच्या शेवटच्या पानावर, ‘आम्ही ऋणी आहोत’ या मथळ्याखाली, सभागृहाचे भाडे सोसणाऱ्या पेढीचे, छपाई विनामूल्य करून देणाऱ्या मुद्रणालयाचे, चहापानाची व्यवस्था पत्करणाऱ्या उपाहारगृहाचे आणि चित्रांचा विमा उतरवून देणाऱ्या एका गृहस्थांचे नाव ठळक अक्षरांत होते. परंतु ज्यांनी आपली चित्रे मोबदल्याविना दिली, आणि ज्यांच्या चित्रांवाचून त्या सायंकाळी तेथे विकण्याजोगे काहीच उरले नसते, त्या चित्रकारांपैकी एकाचाही त्या पानावर उल्लेख नव्हता. त्यांची नावे आतल्या पानांवर होती. पण चित्राचे माप, माध्यम आणि अंदाजी किंमत यांच्या पंक्तीला, वस्तूच्या तपशिलाचा एक भाग म्हणून. एका स्नेह्याने ती यादी सहज पाहायला दिली आणि ती चाळत असतानाच, केवळ प्रेक्षक म्हणून नव्हे तर बोली लावणारा म्हणून तेथे जावे, असे माझ्या मनाने घेतले.

ज्या कार्यासाठी हा लिलाव होता त्याविषयी माझ्या मनात यत्किंचितही किंतु नाही. परळला टाटा स्मारक रुग्णालय 1941 साली उघडले, तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यांतून कर्करोगाचे रुग्ण मुंबईला येत आहेत. आणि रुग्णाला खाट मिळाली तरी त्याच्याबरोबर आलेल्या आईबापांनी, भावांनी राहायचे कोठे, हा प्रश्न त्या रुग्णालयाच्या भोवतालच्या पदपथांवर कोणालाही उघड्या डोळ्यांनी दिसतो. दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेने हा भार वर्षानुवर्षे वाहिला आहे. तरीही तपासणीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत छातीशी धरून पुलाखाली झोपलेली माणसे संपत नाहीत. अशा कुटुंबांसाठी काही खोल्या उभारण्याचा संकल्प एका विश्वस्त संस्थेने केला होता आणि त्यासाठी हा लिलाव होता.

लिलावाच्या आदल्या दिवशी चित्रे पाहण्यासाठी सभागृह खुले ठेवतात. व्यापारी लिलाव असो वा धर्मादाय, बोली लावणाऱ्याचे खरे काम याच दिवशी होते. कारण हातोडा पडल्यावर तक्रार दाखल करून घेतली जात नाही, चित्र आहे त्या स्थितीत घ्यावे लागते. जाणकार माणूस चित्राचे मुख पाहून झाल्यावर त्याची पाठ पाहतो. पाठीवर जुन्या प्रदर्शनांच्या चिठ्ठ्या असतात, पूर्वीच्या मालकाच्या खुणा असतात. कापड मागे ओढून बसवलेल्या खिळ्यांचा गंज चित्राचे वय सांगतो, आणि मुंबईच्या दमट हवेने कागदावर उमटवलेले बुरशीचे तपकिरी ठिपके चित्राची हेळसांड उघडी करतात.

सभागृहाच्या मागच्या दालनात शिरताक्षणी जवसाच्या तेलाचा, ताज्या रोगणाचा आणि नुकत्या कापलेल्या सागवानी पट्ट्यांचा संमिश्र वास आला. त्या वासात, हातांत पांढरे सुती मोजे घातलेले एक वृद्ध गृहस्थ, भिंतीला टेकवलेली चित्रे एकेक करून उचलून पाहणाऱ्यांना दाखवीत होते. सगळे त्यांना मामा म्हणत. उभा जन्म त्यांनी चित्रांच्या चौकटी करण्यात आणि कलादालनांत चित्रे टांगण्यात घालवलेला. चित्र उलटे करताना त्यांचा अंगठा काचेला कधीच लागत नव्हता. एकेचाळीसाव्या क्रमांकाचे जलरंगातले चित्र दाखवा, असे मी म्हटले तेव्हा त्यांनी ते उजेडाकडे तिरपे धरले आणि मी काही विचारण्यापूर्वीच म्हणाले, “फ्रेमचेच साडेसहा हजार गेलेत, साहेब. मास्तरांनी साताऱ्याला करून घेतलीय. एसटीनं आले, मांडीवर घेऊन. मला बोलले.”

चित्रात क्षेत्र माहुलीचा संगम होता: कृष्णा आणि वेण्णा जेथे मिळतात तेथील पायऱ्या, काळ्या पाषाणाच्या देवळांची ओळ, सकाळचे धुके अजून पाण्यावरून उठलेले नाही, आणि घाटाच्या टोकाला लुगडे पिळणारी एकच स्त्री. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो. जेथे उजेड हवा तेथे कागद राखायचा असतो, आणि एकदा ओला कुंचला तेथून फिरला की तो उजेड कायमचा जातो. या चित्रकाराने पाण्यावरची चमक अशी राखली होती की, पाहणाऱ्याला आधी नदी दिसावी आणि मग कागद उमगावा. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांच्यापासून हळदणकर-परांडेकरांपर्यंत आपल्याकडे निसर्गचित्रणाची जी परंपरा झाली, तिचा मान राखणारा हा हात होता. यादीत एवढीच माहिती होती की, हे गृहस्थ ए.टी.डी. होऊन माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवीत होते आणि आता निवृत्त आहेत. अंदाजी किंमत होती ₹10,000 ते ₹15,000.

साडेसहा हजार. निवृत्त शिक्षकाने, स्वतःचे चित्र दान करायचे म्हणून, ते चांगले दिसावे, काचेखालचा पुठ्ठा आम्लविरहित असावा आणि पुढे कागद पिवळा पडू नये म्हणून खिशातून घातलेले साडेसहा हजार. मी व्यवस्थापकांपैकी एकाला विचारले, की चौकटीचा खर्च संस्था देते काय. त्यांनी सौजन्याने सांगितले की चित्र ‘टांगण्यास सिद्ध’ अशा स्थितीत द्यावे, असे विनंतिपत्रातच नमूद होते.

येथे कायद्याची एक बाजू सांगणे भाग आहे. आपल्या आयकराच्या कायद्यात मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेला पैशाच्या रूपाने दिलेल्या देणगीवर वजावट मिळते. वस्तुरूपाने दिलेल्या देणगीवर मिळत नाही. म्हणजे ज्याने धनादेश दिला तो आपल्या करातून काही अंश परत मिळवू शकतो, आणि ज्याने महिनाभर राबून केलेले चित्र दिले त्याला कायदा कोरी पावती देतो. अमेरिकेतही 1969 पासून स्वतःचे चित्र दान करणाऱ्या कलावंताला केवळ रंग-कागदाच्या खर्चापुरतीच वजावट मिळते. त्याच्या कौशल्याची किंमत हिशेबात शून्य धरली जाते. आपल्या प्रतिमुद्राधिकाराच्या कायद्यात 1994 साली एक चांगले कलम घातले गेले, त्यानुसार मूळ चित्र दहा हजारांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले तर त्या किमतीत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना हिस्सा सांगता येतो. पण तो हक्क पुनर्विक्रीचा आहे. जो पहिल्याच वेळी मोफत देऊन मोकळा झाला, त्याला त्या दिवसापुरता या कलमाचा काही आधार नाही.

लिलावाच्या सायंकाळी नाव, पत्ता, पॅन आणि अनामत रक्कम देऊन नोंदणी झाली, आणि क्रमांकाचा एक फलक हाती मिळाला.

पहिल्या रांगेत शहरातले धनिक होते; भिंतीलगत तीनचार तरुण मुले दूरध्वनी कानाशी धरून उभी होती, आणि त्यांच्या मुखाने परगावची माणसे बोली लावत होती. लिलाव पुकारणारे गृहस्थ इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून हिंदीत इतक्या सहजतेने जात, की कोणालाही परकेपणा वाटू नये. ख्यातनाम चित्रकारांची रेखाटने आधी निघाली. ती लाखांत गेली आणि प्रत्येक हातोड्याबरोबर टाळ्या झाल्या. त्या प्रत्येक वेळी घेणारा उभा राहून सभेला नमस्कार करी आणि मामा, मोजे घातलेल्या हातांनी चित्र छातीशी धरून, पडद्यामागे जात. टाळ्या ज्याच्यासाठी व्हाव्यात तो त्या दोघांपैकी कोणीच नव्हता, ही गोष्ट मला फार लागली.

लिलाव आपल्या लोकांना नवा नाही. गावोगावच्या जत्रांत देवापुढच्या नारळाची बोली होते, गणेशोत्सवानंतर मंडळे भक्तांनी वाहिलेल्या वस्तू लिलावात काढतात, गोव्यात देवळांच्या अंगणांत पावणी होते. आणि वाजवी किमतीच्या कितीतरी पट देणारा मनुष्य तेथे फसला असे कोणी म्हणत नाही, कारण घेणारा आणि देणारा दोघेही देवाचेच असतात. धर्मादाय चित्रलिलावात हाच भाव असावा, अशी माझी अपेक्षा होती, आणि पुष्कळ अंशी तो होताही. एका महाशयांनी स्वतःच घेतलेले चित्र तेथल्या तेथे परत करून पुन्हा विकायला लावले, तेव्हा सभागृहाबरोबर मीही मनापासून टाळ्या वाजवल्या.

एकेचाळीसावा क्रमांक आला तोवर पुढच्या रांगांतून माणसे उठून चहाला जाऊ लागली होती. बोली ₹8,000 पासून पुकारली गेली. सभागृहात कोणीच फलक उचलेना. आठ हजारांतून साडेसहा वजा केले तर दीड हजार उरतात, हा हिशेब माझ्या मनात आपोआप झाला, आणि मी फलक उचलला. “आठ हजार, एक वार,” असे शब्द निघाले, तोच मागच्या रांगेतून एका बाईंनी एकदम नऊ केले. पाचपाचशेंनी आम्ही दोघे चढत गेलो. मी मागे वळून पाहिले. त्या चित्राकडेच पाहत होत्या, माझ्याकडे नव्हे. पंधरा हजारांवर, म्हणजे अंदाजी किमतीच्या कमाल आकड्यावर, पुकारणाऱ्याने क्षणभर थांबून आम्हा दोघांना धन्यवाद दिले. अठरा झाले, वीस झाले. पुढे वाढ हजाराची झाली. बावीस हजारांची बोली त्यांची होती. मी तेवीस म्हटल्यावर त्यांनी फलक मांडीवर ठेवला. एक वार, दोन वार, तीन वार; हातोडा पडला.

नंतर चहाच्या वेळी त्या बाई आपण होऊन भेटायला आल्या. त्यांचे माहेर साताऱ्याजवळच्या लिंबचे. माहुलीला लहानपणी आजीबरोबर गेलेल्या. त्या अधिक का चढल्या नाहीत, हे मी विचारले नाही, ते विचारण्याजोगे नव्हते. पण चढत्या बोलीच्या लिलावाचा एक नियम त्या वेळी मला स्पष्ट उमगला, तो असा की किंमत जिंकणारा ठरवीत नाही, त्याच्या खालोखाल जो थांबतो तो ठरवतो. त्या बाई नसत्या तर मी ते चित्र आठ हजारांत घेऊन घरी गेलो असतो. वरचे पंधरा हजार त्यांनी उभे केले, आणि त्यांच्या हाती ना चित्र आले, ना पावती, ना आभाराचा शब्द. परळच्या त्या खोल्यांत एखादी खिडकी त्यांच्या बोलीने बसेल. तिच्यावर त्यांचे नाव असणार नाही.

अशा लिलावांची सर्वांत उदात्त कथा अलीकडची आहे. हुसेन यांनी 1954 साली काढलेले ‘ग्रामयात्रा’ हे सुमारे चौदा फूट लांबीचे चित्र त्या काळी जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत असलेल्या डॉ. लिओन वोलोदार्स्की या शल्यविशारदांनी विकत घेतले. पुढे ते ओस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाकडे गेले, तेथे अनेक वर्षे भिंतीवर राहिले, आणि मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 37 लाखांहून अधिक डॉलरांना, म्हणजे ₹118 कोटींच्या वर गेले. त्या पैशातून डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची सोय व्हायची आहे. भारतीय खेड्यांचे चित्र नॉर्वेतील वैद्यकाच्या कामी यावे, याहून सुंदर योग कोणता? तरीही मनात येते, की एवढ्या मोठ्या किमतीची वेळ येईतो चित्रकार बहुधा जगात नसतो. 2013 साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातल्या लिलावात गायतोंड्यांचे चित्र ₹23.7 कोटींना गेले. नागपुरात जन्मलेला हा थोर चित्रकार त्याआधी बारा वर्षे, दिल्लीत निजामुद्दीनच्या गच्चीवरच्या भाड्याच्या जागेत दिवस काढून, 2001 साली वारला होता. कीर्तिवंतांची ही स्थिती. मग माहुलीच्या घाटावर कागद राखणाऱ्या मास्तरांची गोष्टच निराळी.

पैसे भरताना कारकुनाने बजावले की ही पावती विक्रीची आहे, देणगीची नव्हे. मी म्हटले, तेच योग्य आहे. देणगी ज्यांनी दिली त्यांचे नाव यादीत एकेचाळीस क्रमांकावर आहे. मामांनी चित्राला आधी पातळ बटर पेपर गुंडाळला, चारी कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे संरक्षण दिले, मग तपकिरी कागद आणि सुतळी, आणि कितीला गेले ते विचारून, आकडा ऐकल्यावर मान हलवून म्हणाले, “मास्तरांना कळवा. त्यांना कोण कळवणार नाही.”

व्यवस्थापकांकडून मास्तरांची संमती मागवून मी दूरध्वनी केला. तेवीस हजार हा आकडा त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. त्याविषयी ते फार बोलले नाहीत. चित्र कोणत्या भिंतीवर लावणार, याची मात्र त्यांनी बारकाईने चौकशी केली. पश्चिमेचे ऊन थेट येत असेल तर नको, लुगड्यात वापरलेला किरमिजी रंग उजेडाला टिकत नाही, तो सर्वांआधी उडेल, असे सांगितले. पैसे संस्थेकडे पोचले का, असेही विचारले, आणि मी पावतीचा क्रमांक वाचून दाखवला तेव्हा तो त्यांनी लिहून घेतला. अखेरीस, मी चौकटीच्या खर्चाचा विषय काढला, तेव्हा थोडा वेळ थांबून म्हणाले, “पुढच्या वर्षी मागितलं तर चित्र देईनच. तेवढी फ्रेम त्यांनी करावी, एवढं तुम्ही त्यांच्या कानावर घाला.”

ते मी विश्वस्तांना लेखी कळवले आहे, आणि आभाराच्या पानाविषयीही.